पूर्णेच्या खाऱ्या चिखलात तुटलेली गरसोळी: एका शोधाचं प्रकरण

विदर्भाला समुद्र नाही. तरीही समुद्राची ओली वाळू मेटल डिटेक्टरला जशी छळते, तशीच छळणारी जमीन आपल्याकडे आहे: अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा. पूर्णा नदी मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यात उगम पावते, या पट्ट्यातून पश्चिमेला वाहते आणि पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. पावसाळ्यात तिचं पाणी बरंच गोडं असतं. माघ-फाल्गुनात धार आटते, डोह उरतात आणि काठच्या काळ्या मातीतला खार झिरपून चिखलात साचतो. वरचा थर वाळला की त्यावर पांढरी साय धरते.

हे प्रकरण अकोट-दर्यापूर भागातल्या पूर्णाकाठच्या एका गावचं आहे. दिवस होळीच्या आधीच्या आठवड्यातले. थंडी सरली म्हणून घरोघरच्या बायका वाकळा धुवायला नदीवर गेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीचं मंगळसूत्र तिथं हरवलं. नवखा माणूस आणि साधं यंत्र असलं की इथं काय चुकतं, ते नेमकं दाखवणारं हे प्रकरण असल्यामुळे ते तपशिलानं मांडलं आहे.

वस्तू कशी होती

शोधाला लागण्याआधी वस्तू नीट समजून घ्यावी लागते. ‘सहा ग्रॅमचं मंगळसूत्र’ एवढी माहिती अपुरी आहे. हे मंगळसूत्र म्हणजे दोऱ्यात ओवलेली काळ्या मण्यांची गरसोळी, मधे दोन वाट्या आणि चार सोन्याचे मणी. वाट्या पत्र्याच्या, पोकळ, आत लाख भरलेल्या. एकेक वाटी साधारण ९ मिलिमीटर रुंद आणि सोनं दीड-दोन ग्रॅम. बाकीचं वजन मण्यांचं.

काळे मणी काचेचे असतात, त्यामुळे डिटेक्टरला ते नसल्यातच जमा. दोरा तर सूतच. यंत्राला दिसणार फक्त दोन वाट्या, आणि मणी अगदी वर असले तर मणी. गरसोळी सोन्याच्या तारेत ओवलेली असती तरी फार फरक पडला नसता. सुट्या कड्यांची साखळी यंत्राला एक मोठी वस्तू म्हणून दिसत नाही. प्रत्येक कडी स्वतंत्र आणि बारीक अशी दिसते. समुद्रकिनाऱ्यावर १० ग्रॅमची नाजूक चेन सुटून जाते आणि ३ ग्रॅमची बंद अंगठी सापडते, ती याच कारणानं. अंगठीच्या गोल कड्यात यंत्राच्या चुंबकी क्षेत्रानं उठलेला विजेचा प्रवाह मोकळा फिरतो, चेनीत तो कडीकडीला अडतो.

सोनं उत्तम वाहक आहे, मग त्याचा संकेत खणखणीत यायला हवा, असं पुष्कळांना वाटतं. डिटेक्टरवर दिसणारा आकडा निव्वळ धातूवर ठरत नाही. वस्तूची जाडी आणि आकारही त्यात येतो. पातळ पत्र्याच्या पोकळ वाटीत उठलेला भोवरा प्रवाह क्षणात विरतो. त्यामुळे ०-९९ च्या पट्टीवर ती खालच्या टोकाला, गोळ्यांच्या पाकिटाच्या अ‍ॅल्युमिनियम पन्नीशेजारी जाऊन बसते.

पहिला दिवस वाया का गेला

दुसऱ्या दिवशी गावातल्या चार पोरांनी तालुक्याहून एक डिटेक्टर आणला. एकाच फ्रिक्वेन्सीचा, कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) जलरोधक, वरचा डबा मात्र साधा. कोरड्या रेतीवर तो ठीक चालला. चिखलाच्या कडेला नेला की सलग ओरडायचा आणि कॉइल उचलली की गप्प व्हायचा. पोरांनी डिस्क्रिमिनेशनचं, म्हणजे नको त्या आकड्यांचे आवाज बंद करायचं, बटण फिरवत नेलं आणि आवाज बंद झाला. मग तीन तास शांतपणे सगळा काठ पालथा घातला. हाती आलं काय, तर बैलाचा एक नाल आणि दोन नाणी.

त्या बटणानं नेमकं काय केलं, ते इथं समजून घ्यायला हवं. खारं पाणी वाहक असतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. डोहाकाठच्या चिखलातला खार त्याच्या मानानं बराच कमी, पण तो पसरलेला सलग आणि कॉइलच्या अगदी जवळ. कॉइलच्या चुंबकी क्षेत्रानं या ओल्या थरात दुबळे प्रवाह उठतात आणि लगेच विरतात. यंत्राच्या लेखी हा संकेत पातळ पन्नीसारखा असतो, म्हणजेच पातळ पत्र्याच्या वाटीसारखाही. खाऱ्या चिखलाचा आवाज ८ ते १४ या आकड्यांत येत होता. नंतर नमुन्याची वाटी तपासली, तर तिचा आकडा १२ ते १५ भरला. पोरांनी १६ पर्यंतचं सगळं बंद केलं होतं. खार गप्प झाला आणि त्याच्यासोबत सोनंही गप्प झालं.

ग्राउंड बॅलन्सनंही, म्हणजे जमिनीचा आवाज जुळवून घालवायच्या सोयीनंही, सुटका झाली नसती. आपली माती दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेली, तिच्यात मॅग्नेटाइटचे (चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे) कण भरपूर. रेतीच्या लाटांमधे जी काळी रेघ दिसते ती यांचीच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या इल्मेनाइट वाळूचा त्रासही याच जातीचा. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्रात जमीन जुळवायची सोय एकच. ती मॅग्नेटाइटला जुळवली की खार ओरडतो, खाराला जुळवली की काळी रेती ओरडते. दोन्ही एकाच जागी असतील तर त्या यंत्राचा इलाज संपला. इथं दोन्ही होती.

यापुढचं नुकसान माणसांनी केलं. काहीच सापडेना म्हणून धुण्याच्या दगडांभोवतीचा चिखल फावड्यानं ओढून काढला आणि दोन ढीग घातले. कोणी जेसीबी आणायचंही सुचवलं. सुदैवानं तो आला नाही. जड वस्तू पडली ती जागा, ती खोली, तिच्यावरचा थर, हीच शोधणाऱ्याची सगळी माहिती असते. फावडं पहिल्याच फटक्यात ती पुसून टाकतं.

आधी विचारपूस, मग यंत्र

खरा शोध चौथ्या दिवशी सुरू झाला, तोही यंत्रानं नव्हे. पोलीस पाटील आणि सरपंच यांना आधी सांगितलं. कोण येणार, काय शोधणार, किती वेळ, सगळं. आपल्या भागात हे टाळून चालतच नाही. नदीकाठी यंत्र फिरताना दिसलं की तासाभरात ‘गुप्तधन काढताहेत’ अशी वार्ता पसरते, आणि गुप्तधनाच्या नादानं आपल्याकडे फार वाईट प्रकार घडलेले आहेत. म्हणून काम दिवसाउजेडी, चार लोकांसमोर, मालकीण हजर असताना.

मग बाईंना आणि सोबतच्या जावेला त्या सकाळचा क्रम विचारला. ‘कुठं पडलं’ हा प्रश्न टाळायचा, कारण ते माहीत असतं तर शोधायची वेळच आली नसती. ‘शेवटचं कधी पाहिलं’ आणि ‘त्यानंतर हातांनी काय काय केलं’ हे विचारायचं. उत्तर मिळालं: “तिसरी वाकय पियली तवा गयात व्हती. चवथी वायू घालाले गेली त नाई दिसली.” म्हणजे दोन वाकळांमधला काळ. या वेळात तीन कामं झाली: दगडावर आपटणं, दोघींनी दोन टोकं धरून पिळणं, आणि वर नेऊन झटकून बाभळीवर टाकणं.

ओली वाकळ पिळताना तिचा पीळ छातीशी येतो. दोऱ्याची जुनी गरसोळी अडकून तुटायची जागा हीच. तुटलेला दोरा वाकळीच्या टाक्यांत अडकून वर वाळवणापर्यंत जाऊ शकतो आणि झटक्यासरशी उडू शकतो. म्हणून सर्वांत आधी चारही वाकळांच्या शिवणी चाचपल्या, बाभळीखालचा पाला हातानं पाहिला. चौथ्या वाकळीच्या कडेला तीन काळे मणी आणि दोऱ्याचा तुकडा मिळाला. यावरून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. गरसोळी पिळताना तुटली, आणि ती अखंड उरलेली नाही. आता एक वस्तू शोधायची नव्हती, विखुरलेले सहा दाणे शोधायचे होते.

यंत्राची जुळवणी

या वेळचं यंत्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं होतं, समुद्रकिनाऱ्याचा मोड असलेलं. खार आणि मॅग्नेटाइट वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना वेगवेगळं उत्तर देतात. ती उत्तरं एकमेकांशी ताडून यंत्र दोघांनाही बरंचसं वजा करतं. ही वजाबाकी फुकट होत नाही. खारासारखं दिसणारं अतिशय बारीक सोनंही तिच्यात थोडं कापलं जातं.

पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे तुटक झटके सोडून धातूचं उत्तर ऐकणारं, यंत्र खाऱ्या पाण्यात आणि काळ्या वाळूत फार शांत चालतं, खोलही जातं. समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात काम करणारे ते आवडीनं वापरतात. ते इथं आणलं नाही, कारण त्यातल्या बहुतेकांना लोखंड आणि सोनं यांतला फरक कळत नाही. पोळ्याला बैल धुवायच्या जागी नालांचे खिळेच खिळे असतात. प्रत्येक खिळा उकरत बसलं असतं तर होळी तिथंच झाली असती.

कॉइल सहा इंची डीडी (आत दोन D-आकाराची वेटोळी असलेली) घेतली. अकरा इंची कॉइल खोल पाहते, पण तेवढाच जास्त खारा चिखलही तिच्या नजरेत येतो आणि खिळ्याशेजारची वाटी खिळ्याच्या आवाजात बुडते. गरसोळी पडून चारच दिवस झालेले, माणसा-गुरांच्या पायांनी दबली तरी वीतभराच्या आतच असणार. खोलीची गरज नव्हती, वेगळेपणा ओळखण्याची होती.

मग नमुना. जावेचं मंगळसूत्र त्याच सोनाराकडचं, त्याच घडणीचं. त्यातली एक वाटी मलमलच्या चिंधीत बांधली आणि चिंधीला दोन हात लांब लाल नायलॉनची दोरी. नमुना म्हणून पुरलेलं सोनं चिखलात हरवल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा ही दोरी विसरू नये. कोरड्या रेतीत ही वाटी १२ सेंटिमीटरवर स्वच्छ ऐकू आली. चिखलात सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवल्यावर ५ सेंटिमीटरवरही गोंगाटात हरवत होती. सेन्सिटिव्हिटी दोन तृतीयांशावर आणली, तेव्हा ९ सेंटिमीटरवर नीट ओळखू येऊ लागली. यंत्राची ताकद कमी केल्यावर खोली वाढली हे उलटं वाटतं. पण खाऱ्या जागेत कान आधी गोंगाटाशी झगडतात, आणि गोंगाट निम्मा झाला की दुबळा आवाज वर येतो. डिस्क्रिमिनेशन शून्यावर ठेवलं, लोखंडाला फक्त वेगळा, खर्जातला आवाज दिला. निवड कानानं करायची होती.

एक खरखर तरीही जाईना. ती काठावरच्या कृषिपंपांची होती. थ्री फेज लाइन आली की पंप आणि स्टार्टर सुरू होतात आणि यंत्रात किरकिर भरते. त्या आठवड्यात दिवसाची लाइन दुपारपर्यंत होती, म्हणून नाजूक भागाचं काम दुपारनंतर ठेवलं. सगळ्यांचे मोबाइल काठावर एका पिशवीत.

आखणी आणि फिरवणं

बारा बाय आठ मीटरचा तुकडा घेतला. त्यात तिन्ही धुण्याचे दगड, चिखलाची कड आणि पाण्यातला दोन मीटरचा पट्टा. खुंट्या लाकडी, दोरी नायलॉनची, पट्टे एकेक मीटरचे. पाण्यात कोपऱ्यांवर बांबू. फावड्यानं घातलेले दोन ढीग वेगळे धरले.

कॉइल चिखलापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, सपाट आणि संथ. एका बाजूकडून दुसरीकडे मीटरभर जायला दोन सेकंद, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. खाऱ्या जागेत उंची बदलली की खोटा आवाज येतो, म्हणून हात टोकाला वर जाता कामा नये. पाण्यात कॉइल तळाला टेकवूनच सरकवायची. केबल दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी, सैल केबल पाण्यात हलली की तीही बोलते. कॉइलचं कव्हर आणि कॉइल यांच्या फटीत खारा गारा शिरतो आणि मग यंत्र विनाकारण किरकिरतं. तासातासाला कव्हर काढून ते गोड्या पाण्यानं धुतलं.

पहिली फेरी झाल्यावर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वरच्या दोन बोटं थरावरून ओढलं. पिशवी यासाठी की काळी रेती चुंबकाला केसाळ सुरवंटासारखी चिकटते. पिशवी उलटी केली की एका झटक्यात सुटते. एकोणतीस खिळे, पिना आणि ब्लाउजचे हूक निघाले. एक रुपयाची स्टेनलेस स्टीलची नाणीही चुंबकाला येतात. दुसऱ्या फेरीत जमीन बरीच मोकळी बोलू लागली.

खोदण्याजोग्या आवाजाची खूण एकच धरली: दोन्ही दिशांनी, आणि काटकोनात फिरून पाहिल्यावरही, त्याच जागी तोच आवाज. खाराचा आवाज पसरट असतो, जागा बदलतो, कॉइल चार बोटं उचलली की नाहीसा होतो. धातूचा आवाज बारीक होतो पण जागा सोडत नाही. ओल्या-कोरड्या सीमेवर तर यंत्र सतत चकतं, म्हणून त्या रेषेवर आडवं न जाता रेषेच्या समांतर चालायचं. हे समुद्रावर जितकं खरं, तितकंच इथंही.

पिनपॉइंटरही (नेमकी जागा दाखवणारी हातातली छोटी कांडी) चिखलात टेकवला की वाजतो. त्याचं टोक चिखलाला टेकवून ठेवूनच तो चालू करायचा, मग तो त्या खाराला शून्य धरतो.

खणायला समुद्रावरचा भोकांचा स्टीलचा स्कूप इथं निरुपयोगी ठरला. वाळू भोकांतून गळते. आपला काळा गारा भोकं बुजवून बसतो. त्याऐवजी हातानं वीतभर गोळा उचलून प्लास्टिकच्या टोपल्यात घ्यायचा, कॉइलखालून टोपलं फिरवायचं आणि आवाज आला तरच पुढं जायचं. गोळा पाण्यात मळून विरघळवायचा आणि लाकडी चौकटीच्या, ४ मिलिमीटर जाळीच्या चाळणीवर ओतायचा. कडक गोळा फोडून न पाहता फेकला की सोनं त्याच्या पोटात जातं.

काय कुठं मिळालं

दोन दुपारींत सत्तेचाळीस जागा खणल्या. पन्नीचे तुकडे, बाटल्यांची बुचं, नाणी, एक तुटकी पळी. गुटख्याच्या पुड्या ढिगानं होत्या, पण त्यांच्या चकचकीत प्लास्टिकवरचा धातूचा थर इतका पातळ असतो की त्या सहसा वाजत नाहीत. गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी मात्र दर वेळी सोन्यासारखी वाजली आणि दर वेळी खणावी लागली. त्याला तोड नाही. पन्नी गाळायची तर सोनं गाळावं लागतं.

पहिली वाटी पहिल्या दुपारी मिळाली. मधल्या दगडापासून अडीच मीटरवर, पिळायला उभं राहायच्या जागी, ८ सेंटिमीटर खोल, गुराच्या खुराच्या ठशाखाली. आकडा १३-१४, चारही बाजूंनी स्थिर. पोरांचं यंत्र याच जागेवरून दोनदा गेलं होतं.

दुसरी वाटी तिच्याजवळ नव्हती. दुसऱ्या दिवशी फावड्याच्या ढिगांतून टोपलं-टोपलं फिरवताना ती निघाली, म्हणजे फावड्यानं तिला चार मीटर हलवलं होतं. ढीग तपासायचं सुचलं नसतं तर ती तिथंच राहिली असती. सोनं रेतीच्या मानानं सहा-सात पट जड, त्यामुळे सैल रेतीतून ते खाली उतरतं आणि कडक थरावर थांबतं. चिकट गाऱ्यात ते उतरत नाही, जिथं दाबलं जातं तिथंच रुततं. म्हणून धारेच्या खालच्या अंगाला फार लांब जायची गरज पडली नाही.

मण्यांचा आवाज नमुन्यातच दोन सेंटिमीटरपुढे येत नव्हता. ते यंत्रानं शोधायचे नव्हतेच. पहिल्या वाटीभोवतीचा मीटरभर घेराचा वरचा वीतभर थर सगळा धुऊन चाळला. तीन मणी मिळाले, चौथा मिळाला नाही.

खणताना एक जाड, हिरवट चढलेलं तांब्याचं नाणं निघालं, बरंच जुनं दिसणारं. ते घासलं नाही, पाण्यानं हलकं धुऊन फोटो काढला, जागा नोंदवली आणि पोलीस पाटलांमार्फत तहसील कार्यालयात दिलं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. पूर्णेचा काठ प्राचीन वस्त्यांचा आहे. बुलढाणा जिल्ह्यात याच नदीकाठी भोनला स्तूपाचे अवशेष सापडलेले आहेत. हरवलेली ओळखीची वस्तू तिच्या मालकिणीसाठी शोधणं वेगळं, आणि पांढरीच्या (जुन्या गावठाणाच्या) टेकाडावर यंत्र घेऊन भटकणं वेगळं. संरक्षित स्थळी तर यंत्र नेऊच नये.

पाण्यात काम करताना दोघं असणं आणि कमरेपुढं न जाणं हा नियम पाळला. रेती उपशाचे खड्डे गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत, पाय टाकण्याआधी बांबूनं तळ चाचपावा लागतो. काचेच्या बांगड्यांचे तुकडे धुण्याच्या दगडांभोवती असतातच, तेव्हा बूट घालूनच उतरायचं. काम संपल्यावर सगळे खड्डे बुजवले, पन्नी आणि खिळे पोत्यात भरून गावात नेले. यंत्राचे दांडे, स्क्रू आणि कॉइल हापशीच्या पाण्यानं न धुता टँकरच्या गोड्या पाण्यानं धुतली, कारण या पट्ट्यात हापशीचं पाणीही खारंच.

दोन्ही वाट्या आणि तीन मणी मालकिणीला पोलीस पाटलांसमोर, लिहून देऊन परत केले. एक वाटी एका अंगानं चेपली होती आणि आतली लाख खराब झाली होती. सोनारानं ती काढून नवी भरली. गरसोळी या वेळी दुहेरी दोऱ्यात ओवून घेतली.